तेरच्या पांढरीवर एक दिवस

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. बालभारतीचे पुस्तक मराठीत जे सांगते तेच उर्दूत सांगते. धडे तेच, नकाशे तेच, स्वाध्यायही तेच. तरी वर्गात एक गोष्ट आम्ही दर वर्षी पाहत आलो आहोत. सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट यांचे धडे चालू असतात तेव्हा मुले परीक्षेपुरते उतरवून घेतात आणि खिडकीबाहेर पाहत बसतात. बहमनी राज्य आले, अहमदनगरची निजामशाही आली, मलिक अंबर आला की माना वर होतात, प्रश्न सुरू होतात. जणू इतिहासाच्या वाड्यातली एक खोली आपली आणि बाकीचा वाडा दुसऱ्याचा!

करोनाच्या आधीच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. सातवाहनांच्या काळातला व्यापार शिकवत होतो. फळ्यावर पैठण, तेर, भोकरदन, जुन्नर अशी नावे लिहिली होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. मुलगी हुशार. मणियारांच्या घरातली. तिचे वालिद आठवडी बाजार करून बांगड्या विकतात. ती म्हणाली, "सर, इसमें अपना क्या है?"

तिच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. जे सगळ्या वर्गाच्या मनात होते ते ती बोलली होती. आम्हाला ताबडतोब उत्तर देता आले नाही. "या वर्षीची सहल तेरला नेऊ, तिथे पाहू," एवढेच म्हणालो आणि तास संपला.

सहलीचे पत्रक घरोघर गेले आणि दोन-तीन पालक शाळेत आले. दर वर्षी सहल एखाद्या किल्ल्यावर किंवा धरणावर जाते, येताना एखादी दर्गाह होते. यंदा हे कुठले तेर? एक जण म्हणाले, "मास्टरसाब, बच्चों कू मंदिरां दिखाने कायकू लेको जारे?" दुसऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "दिवस कसे आहेत तुम्ही जाणता. टोपी-बुरख्यातली एवढी मुले तिथे उतरणार. कोणी काही बोलले तर?" पहिल्या पालकांना उत्तर देणे सोपे होते. दुसऱ्यांना देणे अवघड होते, कारण ती भीती आमच्याही मनात होती.

आम्ही त्यांना सर सय्यद अहमद खान यांची आठवण करून दिली. अलीगढचे सर सय्यद सर्वांना माहीत असतात. त्याच्या कितीतरी आधी, १८४७ मध्ये, त्यांनी दिल्लीच्या जुन्या इमारतींवर 'आसारुस्सनादीद' हा ग्रंथ लिहिला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कुतुबमिनारच्या वरच्या भागातले लेख खालून वाचता येत नव्हते. तेव्हा ते दोरांनी टांगलेल्या टोपल्यात बसून वर जात आणि लेख उतरवून घेत. त्या ग्रंथात मशिदी आणि मकबरे आहेत, तसा इस्लामच्या आधीचा लोहस्तंभही आहे. शिवाय जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्या लोकांचे काय झाले ते डोळ्यांनी पाहा, हे कुरआन शरीफात पुन्हा पुन्हा आले आहे. मग आपल्या घरापासून दोन-अडीच तासांवर असलेले दोन हजार वर्षांचे शहर पाहायचे नाही म्हणजे काय? पालक निरुत्तर झाले की आमच्या भिडेखातर गप्प बसले, कोण जाणे. पण सह्या मिळाल्या.

सकाळी फजरनंतर एस.टी. निघाली. ४२ मुले-मुली, आम्ही तिघे शिक्षक आणि घराघरांतून आलेले डबे. बार्शी झाली, येडशी झाली, ढोकीहून गाडी तेरच्या रस्त्याला लागली. वाटेतल्या मैलाच्या दगडांवर तेव्हा 'उस्मानाबाद' असे नाव होते. २०२३ मध्ये ते 'धाराशिव' झाले. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले नाव गेले आणि त्याआधीचे आले. आम्ही निघालो होतो त्या गावाचेही एक नाव असेच हरवले होते. ते परत कसे सापडले, तेच मुलांना गाडीत सांगत होतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय विकत मिळते, काय खपते, वारे कधी अनुकूल असतात, हे सगळे त्यात आहे. दक्षिणेतल्या दोन मोठ्या पेठा तो सांगतो. एक पैठण. बारिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून २० दिवसांच्या वाटेवर. तिथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर दुसरी पेठ, तगर. हे फार मोठे शहर होते. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड भडोचला जात. तगरहून जात साधे सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. पूर्व किनाऱ्याकडचा मालही तगरला येई आणि तिथून पुढे रवाना होई. हा सारा माल बैलगाड्यांनी, धड रस्ता नसलेल्या मुलखातून समुद्रापर्यंत पोचे. भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाची यादीही त्याने दिली आहे. त्यात मद्य आहे, पोवळे आहे, काच आहे, सोन्याचांदीची नाणी आहेत आणि सुरमाही आहे. सुरमा म्हणताच मागच्या बाकावर हशा पिकला.

पुढे टॉलेमीच्या भूगोलातही तगर येते. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे तर शेकडो वर्षांनंतरही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. नाव एवढे मोठे, पण शहर कुठे होते हेच लोक विसरले. विद्वानांपैकी कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर. शेवटी १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे तेर असे दाखवून दिले. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन इथल्या इमारतींची पाहणी केली. नाव कसे झिजले तेही मुलांना फळ्याविना समजले. नगरचे प्राकृतात नयर झाले आणि नयरचे नेर. म्हणून पारनेर, अमळनेर. तसेच तगरचे तयर, तयरचे तेर. "म्हणजे नाव गेलेच नव्हते सर, लहान झाले होते," एक मुलगा म्हणाला. आम्हाला ते पटले.

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. गावाच्या आसपास मातीची टेकाडे आहेत. जुन्या वस्तीच्या अशा जागेला आपल्याकडे पांढर म्हणतात. चुना, राख, शेण, पडलेल्या भिंती यांचे थर वर्षानुवर्षे साचून तिथली माती पांढुरकी होते. एका टेकाडाच्या कडेला पावसाने कापलेली दरड होती. तिच्यात खापऱ्यांचे आणि विटांचे थर स्पष्ट दिसत होते. भूगोलाच्या पुस्तकातले थर मुलांनी पाहिले होते. माणसांच्या राहण्याचे थर पहिल्यांदा पाहिले. या पांढरीवर १९५८ मध्ये आणि नंतर १९६० व ७० च्या दशकांत उत्खनने झाली. चापेकरांचा उत्खनन अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनांची नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू, परदेशी धर्तीची भांडी असे कितीतरी इथे मिळाले आणि 'पेरिप्लस'च्या लेखकाने ऐकीव लिहिले नव्हते हे सिद्ध झाले.

तिथून त्रिविक्रम मंदिराकडे गेलो. हे मंदिर विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. कार्ले-भाजे येथील लेण्यांत जो चैत्यगृहाचा आकार डोंगरात कोरलेला आहे, तोच इथे विटांनी उभा केला आहे. म्हणून हा मुळात बौद्धांचा चैत्य असावा आणि नंतर त्यात विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची स्थापना झाली असावी, असे कझिन्सपासून अनेकांनी मानले. काही अभ्यासक मात्र ते पहिल्यापासून मंदिरच होते असे म्हणतात. पुढचा मंडप नंतरचा आहे. गावातल्या उत्तरेश्वर मंदिरातही असेच जुने विटकाम आहे. त्याची कोरीव लाकडी चौकट अभ्यासकांत प्रसिद्ध आहे.

आम्ही बाहेर उभे राहून मुलांना विटा दाखवत होतो. टोप्या, हिजाब, उर्दूत चाललेले बोलणे, सगळे पाराखाली बसलेल्या एका आजोबांनी पाहिले. ते काठी टेकत आमच्याकडे आले. पालकांनी बोलून दाखवलेली भीती त्या क्षणी आम्हाला आठवली, हे कबूल केले पाहिजे.

"कुठली शाळा म्हणायची, गुरुजी?"

"उर्दू शाळा आहे, आजोबा. मुलांना जुने मंदिर दाखवायला आणले."

"मग बाहेर काय थांबलात? आत या की. लांबनं आलाय," ते म्हणाले. मग मुलांकडे वळून त्यांनी सांगितले, "ही वीट साधी न्हाई बरं का. पाण्यात टाकली तर तरंगती." मुलांचा विश्वास बसेना. मातीत भुसा मिसळून भाजली की भुसा जळून आत पोकळी राहते आणि वीट हलकी होते, हे विज्ञानाच्या बाजींनी समजावून सांगितले. आजोबांनी एका घरातून पाण्याची कळशी मागवली. मुले पाणी प्यायली, चपला काढून आत गेली, छताकडे पाहून परत आली. काही झाले नाही. जे होईल म्हणून आम्ही घाबरलो होतो ते झाले नाही, याचेच मोल आम्हाला त्या दिवशी फार वाटले.

तेर हे संत गोरोबांचे गाव. गोरा कुंभार नामदेवांच्या काळातले. नदीकाठी त्यांचे मंदिर आहे. संतमंडळी जमली असता मडकी तपासायच्या थापटण्याने गोरोबांनी प्रत्येकाचे डोके तपासले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा मराठी मुलांना पाठ असते. आमच्या मुलांनी ती पहिल्यांदा ऐकली आणि त्यांना फार आवडली. आम्ही त्यांना श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची माहिती दिली. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताने 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. वारकऱ्यांत आजही त्यांना मान आहे. मुले ऐकत होती. पण मणियारांची ती मुलगी काही बोलत नव्हती. ती अजून उत्तराची वाट पाहत होती.

दुपारी डबे खाऊन, जोहरची नमाज उरकून संग्रहालयात गेलो. एवढ्याशा गावात सरकारी संग्रहालय असणे हीच नवलाची गोष्ट. त्याचे नाव रामलिंगप्पा लामतुरे यांच्यावरून आहे. हे याच गावचे गृहस्थ. पावसाने पांढर धुतली गेली की मणी, नाणी, बाहुल्या उघड्या पडत. लोकांना त्यांचे काही नसे. लामतुरे यांनी त्या जमवल्या, सांभाळल्या. त्यांच्या घराण्याने तो संग्रह पुढे जपला आणि अखेर तो शासनाच्या संग्रहालयाचा पाया झाला. ना पदवी, ना पुरातत्त्व खात्याची नोकरी. आपल्या गावच्या मातीत काहीतरी मोलाचे आहे एवढी जाण होती.

मुले काचेच्या कपाटांवर वाकून पाहू लागली. पांढऱ्या केओलिन मातीच्या, साच्यातून काढलेल्या स्त्रियांच्या मूर्ती. त्यांची केशरचना, कानांतले दागिने पाहून मुली आपसांत कुजबुजत होत्या. रोमन नाण्यांच्या धर्तीवर मातीत उठवलेल्या चकत्याही तेरला मिळाल्या आहेत. खरे सोन्याचे नाणे ज्याला परवडत नसे तो मातीचे गळ्यात घालत असावा. आम्ही मुलांना तेरच्या हस्तिदंती बाहुलीची गोष्ट सांगितली. अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत सापडली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले होते. म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. तिच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या आहेत आणि पायांत जाडजूड वाळे. तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य असल्याने ती आपल्या दख्खनमध्ये घडली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

बांगड्यांचे नाव निघाले आणि ती मुलगी दुसऱ्या कपाटाकडे गेली. तिथे शंखाच्या बांगड्यांचे तुकडे होते. बराच वेळ ती पाहत राहिली. मग आम्हाला बोलावून म्हणाली, "सर, यह छोटी बच्ची की है. अब्बा ऐसा टुकडा देख के नाप बता देते." तुकड्याच्या बाकावरून पूर्ण बांगडीचा घेर ती बोटाने हवेत काढून दाखवत होती. उत्खनन करणारे अभ्यासकही तुकड्यावरून असाच घेर काढतात, हे आम्ही तिला सांगितले.

खरे तर तिच्या प्रश्नाचे एक उत्तर आम्ही घरून तयार करून नेले होते. 'पेरिप्लस'मध्ये येमेनच्या मूझा बंदराचे वर्णन आहे. ते अरब जहाजमालकांनी आणि खलाशांनी गजबजलेले असे आणि भडोचशी त्यांचा व्यापार चाले. म्हणजे इस्लामच्या कितीतरी आधी अरब या व्यापारात होते. "बघा, यात आपलेही लोक होते," असे सांगायचे आम्ही ठरवले होते. ती मुलगी बोटाने घेर काढत होती तेव्हा ते उत्तर आम्हाला थिटे वाटले. येमेनचा खलाशी तिचा कोण? शंख कापून बांगडी करणारा तेरचा कारागीर तिला जास्त जवळचा होता. मलमल विणणाऱ्यांचे नाव ग्रीक व्यापाऱ्याने लिहिले नाही, बांगडी करणाऱ्याचेही लिहिले नाही. पण विणकर, मणियार, कुंभार, कासार यांचे हात या मुलखात दोन हजार वर्षे चालूच आहेत. त्यांतल्या कोणाच्या वंशजांनी पुढे कुठला धर्म स्वीकारला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही आणि ठेवण्याची गरजही नाही. आपला हिस्सा सिद्ध करण्यासाठी अरबस्तानातून साक्षीदार आणावा लागत नाही. त्या दिवशी हे मुलांनी आम्हाला शिकवले.

परतीच्या गाडीत आम्ही त्यांना गुलाम यझदानी यांच्याविषयी सांगितले. उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले. उर्दूत त्याला 'आसारे कदीमा'चे खाते म्हणत. १८८५ मध्ये दिल्लीत जन्मलेले, अरबी-फारसीचे पंडित यझदानी त्याचे प्रमुख झाले आणि १९४३ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात, १९२० ते १९२२ या वर्षांत, अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करण्यासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना आणले गेले. अजिंठ्यावर यझदानींनी चार भागांचा मोठा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केला. बीदरच्या इमारतींवर त्यांनी ज्या आस्थेने लिहिले त्याच आस्थेने बुद्धाच्या चित्रांवर लिहिले. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. एक नमाजी मुसलमान बोधिसत्त्वाच्या चित्राचा रंग उडू नये म्हणून आयुष्य घालवतो, यात त्यांच्या घरच्यांनाही कधी विसंगती वाटली नसावी.

येडशीच्या आसपास एक मुलगा आमच्या आसनाजवळ आला. खिशातून त्याने एक लाल मणी आणि दोन खापऱ्या काढल्या. पांढरीवरून उचलल्या होत्या. यझदानींचे ऐकून त्याला राहवले नसावे. गाडी वळवणे शक्य नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघे एस.टी.ने पुन्हा तेरला गेलो आणि त्या वस्तू संग्रहालयात देऊन आलो. तिथल्या कर्मचाऱ्याने त्या कागदात गुंडाळून घेतल्या आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. मुलगा येताना सगळी वाट बोलत होता.

हे सगळे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. आमच्या गावातल्या एका जुन्या मशिदीच्या दारावर फारसी शिलालेख आहे. दर दोन-चार वर्षांनी रंगकाम निघते आणि त्या दगडावरही हिरव्या ऑइलपेंटचा एक हात फिरतो. असे होता होता अक्षरे बुजली. बांधणाऱ्याचे नाव आणि सन ज्या ओळीत असावे ती ओळ रंगाखाली गेली. आमची वर्षे त्याच दारातून जाण्यायेण्यात गेली, कधी मान वर केली नाही. इतिहासातली आपली खोली, आपली खोली म्हणतो तिचीही आपण अशी निगा ठेवतो! गावोगावी हेच चालले आहे. दर्ग्यांच्या जुन्या दगडांवर फरशा बसतात. सनदा आणि हस्तलिखिते माळ्यावर वाळवीला मिळतात. दुसऱ्यांनी आमचा इतिहास पुसला अशी तक्रार आपण करतो, ती काही ठिकाणी खरीही आहे. पण आपल्याच हातातल्या कुंच्याचे काय?

सहलीनंतर मुले त्या मशिदीसमोर उभी राहून वर पाहू लागली. त्या मुलीने दिसतील तेवढी अक्षरे वहीत उतरवून आणली. आम्ही मिळून तीन शब्द लावले, पुढे जाता आले नाही. रंग खरवडायला मुले अधीर होती, ते काम जाणकाराचे म्हणून आम्ही थांबवले. वही घेऊन मुतवल्ली साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली, काही बोलले नाहीत. त्या वर्षी रमजानच्या आधी रंगकाम निघाले तेव्हा दारावरचा तेवढा दगड सोडून रंग द्या, असे त्यांनी रंगाऱ्याला सांगितले. रंगारी म्हणाला, दगड जुना आहे, वाईट दिसेल. मुतवल्ली म्हणाले, "दिसू दे."